दारासमोरच्या रस्त्यातलं शिसं

माय, आज कॉलेजातला एक पोरगा आणि एक पोरगी आपल्या दारासमोर उकिडवी बसून रस्त्याची धूळ कुंचल्यानं पिशवीत भरत होती. मी विचारलं तर पोरगी म्हणाली, "काकू, या धुळीत काय काय हाय ते तपासून राहिलो. टायर झिजतात, ब्रेक घासतात, गाड्यांचा धूर बसतो, ते समद्या वसमतला सारखंच हाय. पण या वळणावर शिसं लई निघालं. हितं आधी काही होतं का?" मला तू दिसायला लागलीस, नांदेडच्या एसटीतून उतरून धाकटीला कडेवर घेऊन येणारी.

चांगली बडबडी होती धाकटी, माझ्या पाठची. फिट यायला लागली आणि बोलणंच बंद झालं. नांदेडच्या डॉक्टरनं तुला विचारलं होतं, हिच्या रक्तात शिसं आहे, घरी जुन्या बॅटऱ्या कोण फोडतं? बाबा फोडायचे. मागच्या अंगणात घणानं ट्रकच्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीवरच्या कढईत वितळवायचं आणि उरलेली राख समोरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत ओतायची. धाकटी त्याच राखेत खेळायची, बोटं चोखायची.

तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस, पायातली चप्पलही काढली नाहीस, आणि घण उचलून पेटत्या भट्टीवर घातलास. बाबा धावले. "येडी झालीस काय? सोड म्हनतो ना!"

"लेकरू खाल्लं तुमच्या भट्टीनं!"

त्यांनी सळई तुझ्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. तू दुसऱ्या हातानं घण ओढलास, कढई कलंडली आणि वितळलेलं शिसं त्यांच्या पायावर सांडलं. तसं ओरडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. शेजारी तुला मागं खेचत होते, दातांखाली धरलेल्या तुझ्या ओठातून रक्त गळत होतं, आणि तू लाथेनं भट्टीच्या विटा पाडतच होतीस. धाकटी रडलीसुद्धा नाही. ते बघूनच मी किंचाळले.

भट्टी परत पेटली नाही. बाबा लंगडत मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला जायला लागले. तुझा हात वाकडाच राहिला. धाकटी जगली, अजून एकेक शब्द शोधत बोलते. तू जाईपर्यंत तुम्ही दोघं बोललात ते तिच्या औषधापुरतं.

आज बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. माझ्या आधी तेच म्हणाले, "व्हय, भट्टी होती. माझी. राख बी मीच टाकली. हिच्या मायनं मोडली. बरं केलं तिनं."

बरं केलं! त्या परक्या लेकरांना सांगितलं, माय. तू वाकड्या हातानं भाकरी थापत होतीस तेव्हा हे दोन शब्द त्यांना सुचले नाहीत. मग ते काठी टेकत राख टाकलेली जागा दाखवायला रस्त्यावर उतरले. ट्रक हॉर्न मारत होता आणि मी जागची हलले नाही. येऊ दे, असं वाटलं. त्या पोरानंच त्यांना कडेला ओढलं.

दुपारी मी त्यांना जेवायला वाढलं. हे लिहिलेलं कुणाला वाचून दाखवणार नाही, कुठं धाडायचं तर तू नाहीस. वाढताना माझ्या हातून आमटी ताटाबाहेर सांडली. बाबा म्हणाले, "घाबरलीस का गं?" मी व्हय म्हणाले. घाबरले नव्हते.