शेपटीवरच्या दोन थापा

४ डिसेंबर
आज कामावर रुजू झालो. पन्नाशीला टेकलो आणि विमानतळावर नोकरी! विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याची शेड, रेडिओची खोली आणि चार माणसांचं विमान. ते जावईबापू उडवतात. डोंगरातल्या विजेच्या तारा तपासत तारांच्याच उंचीने जायचं. त्यांनीच मला इथे चिकटवलं. लेकीला सातवा महिना. म्हणाली, बाबा, तुम्ही खाली असलात की मला झोप लागेल.

काम सोपं आहे. पहाटे पंखांवर हिमाचा थर बसतो, जाड्या मिठासारखा खरबरीत. तो दोराने घासून काढायचा, फडक्याने पुसायचा. मग शेपटीवर तळहाताच्या दोन थापा. त्या ऐकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणाला, मामा, बैलाला मारता तशीच थाप मारा, हा फक्त शेण टाकत नाही.

९ डिसेंबर
जावईबापूंना विचारलं, एवढ्याशा थराने काय होतं? म्हणाले, पंखाची उचल जाते. उंचावर सावरायला वेळ तरी मिळतो, आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून जातो. माझ्याआधीचा पुसणारा गेल्या हिवाळ्यात तसाच गेला, वैमानिकासकट. घाईत उजवा पंख पुसायचा राहिला, तरी थापा मारल्या आणि हौसेने मागच्या सीटवर जाऊन बसला. रात्री देवापुढे त्याच्यासाठीही हात जोडले.

१५ डिसेंबर
दाट धुकं. डावा पंख पुसत होतो तोच इंजिन सुरू झालं. धावत जाऊन थांबवलं. जावईबापू म्हणाले, मामा, थापा तुम्हीच तर मारल्या. मी मारल्या नव्हत्या. मेकॅनिक म्हणाला, थंडीत मामांचा हात आपोआप चालतो. उजवा पंख अजून पांढराच होता. शेपटीवरच्या हिमात मात्र तळव्याचे दोन ठसे. त्यावर माझा हात ठेवून पाहिला. ठशाची बोटं लांब आहेत.

१६ डिसेंबर
थापा बंद केल्या. यापुढे मी खिडकीशी येऊन तोंड दाखवीन, मगच इंजिन. जावईबापू म्हणाले, रोज सकाळी सासऱ्याचं तोंड बघायचं, असं लग्नात ठरलं नव्हतं. खूप हसलो. बरं वाटलं.

१९ डिसेंबर
पुन्हा धुकं. मी डाव्या पंखामागे होतो. इंजिन सुरू. जावईबापूंनी उजव्या खिडकीकडे बघून मान हलवली, हसले. तिकडे कोणी— मी ओरडलो. त्या आवाजात कोण ऐकतो. उजवा पंख तसाच, पांढरा. गेले.

रेडिओच्या खोलीत आहे. मेकॅनिक गाडी घेऊन तारांकडे धावलाय. बटण दाबून सांगतोय, परत फिरा, पंख पुसलेला नाही. उत्तर आलं. विमान जड झालंय, उजवीकडे ओढतंय. मग अगदी सहज विचारलं, मामा, तुम्ही मागे कधी येऊन बसलात?

मी इथे आहे. इथे खुर्चीत. म्हणून लिहितोय, लिहीत असलो म्हणजे मी इथेच—

रेडिओवर दुसरं कोणी बोललं. माझ्या आवाजात. साफ आहे, जावईबापू, चला.

घरघर येतेय. धुक्यातून. फार खाली. देवा, लेकीला मी काय—

डोक्यावरच्या पत्र्यावर थाप. एक.

दुसरी नको. देवा, दुसरी—