डबा एकच होता

मंगळवार, संध्याकाळ

सलीमभाईंच्या नेट सेंटरात कॉम्प्युटर एकच, त्याला चार स्क्रीन आणि चार कीबोर्ड जोडलेले. काटकसर. आज शेजारच्या गुरुजींचा स्क्रीन अडकला, तर त्यांनी टेबलाखालचा सीपीयूचा डबा आपल्या एकट्याचा समजून बंद केला. चारही स्क्रीन काळे. माझा लेख गेला. पलीकडे एक ट्रकवाला पोरीचा भरतीचा अर्ज भरत होता, तोही गेला, आणि मुदत तेवढ्यात संपली.

"काहून बंद केलं बे मास्तर?" ट्रकवाल्यानं कीबोर्ड उपटून गुरुजींच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला.

"मले वाटलं, माह्याच हाये."

पुन्हा हाणला. त्याच ओठावर.

मी गुरुजींचे हात मागून घट्ट धरले.

"बरं झालं भाऊ, तुम्ही मधात पडले," सलीमभाई नंतर म्हणाले.

सोडवायचंच होतं, तर मी मारणाऱ्याचे हात का नाही धरले?