एका ठोंबातली दोन गवतं

१२ सप्टेंबर

वही उघडली, कारण घरात बोलायला कोणी उरलं नाही. धाकटी बहीण आज सकाळी आपल्या घरी निघून गेली. सव्वीस वर्षं मी डोंगरावरून गवतं आणते, नावं ठरवते. धाकटी ती वाळवून कागदावर चिकटवते. आज मीच म्हटलं, "तुझ्या वेंधळेपणाने माझं नाक कापलं!" तिने ॲप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला.

निमित्त वनस्पती-संग्रहालयाचं पत्र. नमुना क्रमांक चौसष्ट — ज्याला नवी जात म्हणून मी दोन वर्षं मिरवते आहे — परत आला. "पानं एका गवताची, कणसं दुसऱ्याची. चिकटवताना सरमिसळ झालेली दिसते." पंचवीस तारखेपर्यंत खुलासा करा, नाहीतर नोंद रद्द.

चिकटवतं कोण? धाकटी. विषय संपला.

१३ सप्टेंबर

संपला नाही. भिंगाखाली चारदा पाहिलं. पात्याच्या बुडाशी केसांची झालर, कणसाला पीळदार लांब कुसळं. असं गवत डोंगरावर असेल तर पत्र चूक. नसेल तर धाकटी चूक. माझी चूक कुठेच बसत नाही.

मग झोप का लागत नाही?

१५ सप्टेंबर

धुकं. वर जाता आलं नाही. कपाट तीनदा आवरलं.

१७ सप्टेंबर

गेले! गुडघ्यांनी वाटभर कुरकुर केली, मी लक्ष दिलं नाही. उतारावर मेंढपाळ बाई भेटली. सगळं चरून साफ. "नावं लिहायची होती तर आधी यायचं ना बाई! आता मेंढरांच्या पोटाला विचारा." मग तिनेच दाखवलं — कड्याखाली, जिथे मेंढरू पोचत नाही.

तिथे होतं. तीच पानं, तीच कणसं, एकाच ठोंबात, एकाच झुबक्यात! मी चक्क ओरडले. मुळासकट खणलं. झऱ्यात धरलं, माती सुटली — आणि ठोंब माझ्या हातात दोन झाला. एकाची बुटकी पानं, त्यांच्या मधूनच वर आलेल्या दुसऱ्याच्या काड्या. मुळं वेगळी.

"ही दोन आहेतच की," मेंढपाळ बाई म्हणाली. "एक खातात, दुसऱ्याची कुसळं तोंडात रुततात. मेंढरांनाही कळतं."

दोन वर्षांपूर्वी, चौसष्ट आणला तेव्हा, गारा पडत होत्या. मी खणलंच नव्हतं. वरच्या वर कापलं आणि पळाले. मुळं धुतल्याशिवाय नाव द्यायचं नाही, असं कॉलेजातल्या मुलींना घसा फोडून शिकवलेली मी!

१८ सप्टेंबर

धाकटीच्या दारात उभी राहिले. तिने दार अर्धंच उघडलं.

"सरमिसळ माझी होती," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. चिकटवतानाच विचारलं होतं मी. 'ताई, ही काडी ह्या बुडातून फुटलेली दिसत नाही.' तू म्हणालीस, 'तू चिकटव, डोकं मी चालवते.'"

असं मी म्हणेन? म्हणालेच असेन. तोच सूर, माझाच.

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू ऐकणाऱ्यातली कधीपासून झालीस?"

२१ सप्टेंबर

खुलाशाचे तीन कागद फाडले. पहिल्यात गारांना दोष होता, दुसऱ्यात गुडघ्यांना. तिसऱ्यात "आम्ही" लिहिलं होतं.

२५ सप्टेंबर

संग्रहालयाला दिलं: एका ओळीचा खुलासा. चूक माझी, सही माझी. चौसष्ट रद्द.

धाकटीला दिलं: खुरपं, पाठपिशवी, भिंग, नोंदवही. डोंगरावर ती जाणार, नावं ती ठरवणार.

तिने मला दिलं: डिंक, ब्रश, आणि काही खटकलं तर विचारायची मुभा.