डाव्या हाताची ओवाळणी

बेंबळी
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षाली,
अनेक आशीर्वाद. दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. शाळेच्या कामात वेळ झाला नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. माफ कर. फोनवर तू "बरंय" म्हणतेस आणि मागं कुणीतरी उभं असतं, म्हणून हे पत्र तू काम करतेस त्या अंगणवाडीच्या पत्त्यावर.

आईचा गुडघा ठीक आहे.

तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्या ठिपकी कोंबडीला कुत्र्यानं धरलं. पाठीचं कातडं शेपटीपर्यंत फाटलं होतं. मी तिला पडवीत डालग्याखाली ठेवलं, जखम धुतली आणि आई मुक्या मारावर देते तसा हळद-चुन्याचा लेप दिला. बारा दिवस कण्या हातानं चारल्या. ती उभी राहून दाणे टिपू लागली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्याच सकाळी तिला बाकीच्या सहाजणींत सोडलं.

त्या तिच्यावर तुटून पडल्या. मी हाकलेपर्यंत जखम पुन्हा उघडली. शेजारच्या शांतम्मा कुंपणाशी उभ्या होत्या.

"गुरुजी, बीएड झालाव ना तुमी? चुना घातला की हळद कुकवावानी तांबडी होती. तांबडं दिसलं की कोंबड्या टोचत्यातच."

"मग काय लावायचं होतं?"

"नुसती हळद, तेलात. आन् इतके दिस आत ठेवून एकदम सोडत्यात व्हय? त्यास्नी परकी झाली ती. त्यांच्यातच डालग्याखाली ठेवा, फटीतून बघू द्या. घाई कुणाला हाय, तिला का तुमाला?"

आठवडाभर तसं केलं. रविवारी डालगं उचललं. आता तिला कुणी टोचत नाही. सगळ्यांचं खाऊन झालं की ती पुढं येते, उरलेलं टिपते. शांतम्मा म्हणाल्या, "रुळली बघा."

मी आत जाऊन माझी डायरी काढली. ४ नोव्हेंबर: 'हर्षालीच्या सासऱ्यांचा फोन. म्हणाले, रुळली आता. बरं वाटलं.' अक्षर माझंच. रुळली म्हणजे काय, हे मी विचारलं नव्हतं.

भाऊबीजेला तुझं उजवं मनगट सुजलेलं होतं. आईनं लेप दिला होता. तू मला डाव्या हातानं ओवाळलंस. डाव्या हातानं ओवाळत नाहीत हे तुला मी सांगायला नको. मला दिसलं, आईलाही दिसलं. मी ताटात ओवाळणी टाकली आणि करंजी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तुला गाडीवर बसवून ढोकीला सोडून आलो. हौदाजवळ पाय घसरला, हे तू कधीच म्हणाली नव्हतीस. ते मी म्हणालो, गाडीवरून उतरल्या उतरल्या, तुझ्या सासऱ्यांनी काही विचारायच्या आधी. त्यांना अवघड वाटू नये म्हणून. तू माझ्याकडं बघितलंस आणि पिशवी घेऊन आत गेलीस.

घरी ये असं लिहावं तर पुन्हा मीच ठरवल्यासारखं होतं. तिथंच राहा म्हणायला मला तोंड नाही. दोन दिवस हा कागद याच ओळीवर अडला आहे. हात कशानं सुजला, हर्षाली?

ओवाळणी टाकून मोकळा झालेला,
तुझा दादा
रामलिंग

ता. क. उद्या हे पत्र पेटीत टाकायचं नाही. अंगणवाडीत स्वतः आणून द्यायचं आणि तू वाचेपर्यंत उभं राहायचं.