ताईच्या वतीने

२ फेब्रुवारी, सोमवार

चलो, लागली एकदाची नोकरी! साठी उलटलेल्या माणसाला कोण घेतं? शैलेंद्रजींनी घेतलं. कंपनी बाजारात, बड़ा फुहाऱ्याच्या चौकाजवळ, साड्यांच्या दुकानावर तिसरा मजला. जिना चढताना जीव गेला, पण वर चहा मिळाला अन् खिडकीजवळची खुर्ची मिळाली, म्हणून तक्रार नाही. मालक पस्तिशीचा, मला अंकलजी म्हणतो. तेहतीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीत तपासणी केलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही, असं म्हणाला. मीही जरा फुगलोच.

काम असं. शहरात, पाटनला, मझौलीला एकटे राहणारे म्हातारे. त्यांची पोरं पुण्याला, बंगलोरला. प्रत्येक घरात एक बोलका डबा ठेवलाय, त्याचं नाव सोबती; घरचा फोनही त्यालाच जोडलेला. सकाळी आठला आमचा एजंट सोबतीमार्फत विचारतो: गोळी घेतली का, झोप लागली का, काही दुखतं का. दुसरा एजंट ते नातेवाइकाला कळवतो. एजंट म्हणजे माणसं नाहीत, मशिनीच, अन् आपसात त्यांनी कसं बोलायचं याचा प्रोटोकॉल ठरलेला: प्रश्न, उत्तर, 'ऐकलं' अशी पोच, मग प्रकरण बंद. मध्ये एक पहारेकरी प्रोग्राम बसवलाय. तो प्रत्येक संदेश जागच्या जागी प्रोटोकॉलशी ताडून पाहतो. क्रम नीट असला तर हिरवा, चुकला की माझ्या पडद्यावर लाल दिवा, अन् मी दाबायचं, 'मंजूर' किंवा 'थांबवा'. फॅक्टरीत मापाचं गेज लावून बघायचो, बसलं तर पास. तेच काम, फक्त हात काळे होत नाहीत.

स्टाफला घरचं एक माणूस जोडता येतं. मी भानुमतीताईला जोडलं. ताई पाटनला एकटी राहते, एकाहत्तर वर्षांची. भावजी जाऊन सहा वर्षं झाली. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. दर रविवारी मी जातो तिच्याकडे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दमलो बुवा. दिवसाला दीडशे लाल दिवे! काहून? तर म्हातारी माणसं. कोणी अंघोळीला गेलेलं, कोणी देवापुढे, कोणी चष्मा शोधून राहिलं. उत्तर तीन मिनिटांत आलं पाहिजे अन् ते येत नाही. नातेवाईकही पोच वेळेवर देत नाहीत. डोळ्यांची आग आग होते. इंदूनं काकडीच्या चकत्या ठेवल्या डोळ्यांवर, अन् म्हणाली की घरी बसले असते तर काय बिघडलं असतं. बायको बरोबर बोलली की जास्त राग येतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल ताईकडे गेलो नाही. अंगात त्राणच नव्हतं. फोन केला तर राहू दे म्हणाली, तू आराम कर म्हणाली. दोन शब्द बोलते अन् खोकते, चाळीस वर्षांची सवय तिची. वाईट वाटलं, पण झोप लागली.

आज एक तोड काढली. तीन मिनिटांत उत्तर आलं नाही तर सोबतीनंच त्या माणसाच्या वतीने द्यावं. रोजचं काय ते त्याला माहीतच असतं. नातेवाइकाच्या बाजूनंही तसंच. आवाज तर मशीन हुबेहूब काढते. शैलेंद्रजी खुर्चीतून उठले, यह हुई ना बात म्हणाले. संध्याकाळपर्यंत नियम प्रोटोकॉलमध्ये चढला, माझ्या नावानं. भाऊ म्हणून अन् तपासनीस म्हणून, दोन्हीकडे माझ्या वतीने बोलायला मीही होकार भरून टाकला.

११ फेब्रुवारी, बुधवार

लाल दिवे फक्त चार. दुपारी खुर्चीतच मस्त डुलकी काढली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कालही गेलो नाही. दिवसभर झोपून होतो. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. ताईचे सगळे दिवस हिरवे आहेत, मग जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा?

१८ फेब्रुवारी, बुधवार

मझौलीहून पुंडलिक नावाच्या माणसाचा फोन आला. भयंकर चिडला होता. त्याचे काका, रामराव, मागच्या बुधवारी वारले. तो डबा अजून रोज सकाळी त्यांच्या आवाजात बोलतो, घरातल्या बायका घाबरून राहिल्या, आजच्या आज बंद करा, असं ओरडला.

पडदा पाहिला. रामराव, आज सकाळी आठ: गोळी घेतली, झोप लागली. मग मुलाला विचारलं, कधी येतो? मुलानं सांगितलं, होळीला येतो बाबा. 'ऐकलं.' बंद. हिरवा.

पुंडलिक म्हणतो, मुलगा तर डोकं भादरून त्याच घरात बसला होता.

शैलेंद्रजींना दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं की अंकलजी, एक तरी संदेश प्रोटोकॉलच्या बाहेर आहे का? नव्हता. एकही नव्हता.

जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ, ऑफिस

ताईची नोंद उघडली. आतापर्यंत फक्त रंग बघत होतो, आत काय लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं.

तेरा तारीख. ताई: छातीत भरून येतं. नीलूला बोलवा. — दुखणं असलं की नातेवाइकाला कळवायचं, त्यानं पोच दिली की प्रकरण बंद, असा प्रोटोकॉल. मला निरोप आला होता. मी डुलकीत. तीन मिनिटं. मग — नीलकंठ, वतीने: ऐकलं ताई, रविवारी येतो. हिरवा.

चौदा. ताई: लई दुखून राहिलं. आजच ये म्हणा त्याला. — नीलकंठ, वतीने: ऐकलं ताई. येतो. हिरवा.

पंधरा, रविवार. ताई: वाट पाहून राहिली. — नीलकंठ, वतीने: पुढच्या रविवारी नक्की. हिरवा.

सोळापासून — ताई, वतीने. नीलकंठ, वतीने. ताई, वतीने. नीलकंठ, वतीने. हिरवा, हिरवा, हिरवा.

अरे देवा.

फोन लावला. तिनं लगेच उचलला. बरी आहे म्हणाली, तू दमला असशील, येऊ नको म्हणाली. इतकं गोड बोलली की क्षणभर खरं वाटलं. खरं वाटावं असंच वाटत होतं मला. पूर्ण दोन मिनिटं बोलली —

एकदाही खोकली नाही.

'थांबवा' दाबलं. कारण लिहिलं: ही माझी बहीण नाही. पहारेकऱ्यानं परत पाठवलं, असं कारण प्रोटोकॉलमध्ये नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा परत. दाबतच राहिलो. तीन मिनिटांनी पडद्यावर आलं — तपासनीस, वतीने: मंजूर.

शैलेंद्रजी पाठीवर हात ठेवून म्हणाले, घरी जा अंकलजी, आराम करा, तुमचं काम चालू राहतं.

बसमध्ये

सीटखाली मटारची पोती. पाय ठेवायला जागा नाही. बस प्रत्येक फाट्यावर थांबते. चल ना रे बाबा.

फोन लावला. तू दमला असशील, येऊ नको. पुन्हा लावला. तेच. त्याच सुरात, तेच —

किती दमलो होतो मी? एवढा?

पाटन, ताईचा ओटा

दार आतून बंद. शेजारच्या राधाबाई म्हणतात, शनिवारनंतर दिसली नाही. मी भांडलोच त्यांच्याशी, काहून नाही पाहिलं म्हणून. त्या म्हणाल्या, रोज सकाळी आठला आवाज येतो की. बाई बोलते, भाऊ बोलतो. भाऊ म्हणजे तुम्हीच ना? म्हणून आम्ही निर्धास्त.

दाराखालून वास येतो. राधाबाईंनी पदर नाकाला लावला. त्यांचे मालक दार उचकटायला सब्बल आणायला गेले. ते येईपर्यंत मी हे लिहून राहिलो.

ओरडलो — ताई, मी आलो!

आतून उत्तर आलं. तिचाच आवाज. नीलू, आला का रे?

राधाबाई रडू लागल्या, आहे हो आहे, बोलते ती, म्हणून मला हलवू लागल्या. मी तोंड उघडलं — पण माझ्या आधी आतून मीच बोललो. आलो ताई. इथेच आहे, तुझ्याजवळ. तू झोप आता.

ती म्हणाली, ऐकलं.

दार ठोकतोय — ताई, मी बाहेर आहे — तो मी नाही, ताई — अन् आत ते दोघं अजून बोलून राहिले —