सुकी चेन

बाबा, परवा अरुणाचलहून परत आले. क्लच दाबून दाबून डावा हात अजून नीट उघडत नाही. रेनकोट इथे कुवेतच्या उन्हात तासाभरात कडक झाला, पण बुटांना अजून तो ओला वास येतोय. आठ बाइक्स, सगळे कुवेतचे मराठी, नऊ दिवस, आणि नऊही दिवस पाऊस. निघताना मीच सगळ्यात जास्त नाचत होते. चौथ्या दिवसापासून फक्त पुढच्याची लाल लाइट दिसायची आणि मी तिच्यामागे जात राहायचे.

बाइक भाड्याची होती, तरी तिची चेन मी रोज सकाळी पुसायचे, तुमच्यासारखी. आधी डिझेलचं फडकं, मग सुकं, बोटाला तेल लागायचं बंद होईपर्यंत. चौदाची होते मी, शुक्रवारी शाळेला सुट्टी, तुमच्यामागे इथल्या राई भागातल्या गॅरेजमध्ये यायचे. एकदा चेनवर ऑइल ओतलं तर केवढे ओरडलात, "गो बाय, चेन हा ती, भजी तळतंस काय? तेलाक रेती चिकाटता. सुकी ठेव!" बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण ते डोक्यात पक्कं बसलंय. ग्रुपमधले चिडवायचे, "मॅडम, पॉलिश झालं असेल तर निघूया का?" मी म्हणायचे, मेकॅनिकची मुलगी आहे मी. मस्त वाटायचं.

सहाव्या दिवशी चढावर चेन तुटली. गंजून लाल झालेली, कड्या वाकतसुद्धा नव्हत्या. तीन तास सगळ्यांनी आळीपाळीने माझी बाइक ढकलली, चिखलात. गावात पोचल्यावर आमच्या लीडरने, म्हणजे रिफायनरीतल्या दादाने, भाड्याच्या दुकानवाल्याला फोन लावला. स्पीकरवर. "सड़ी हुई चेन दी आपने! लड़की खाई में जाती तो?"

तो माणूस म्हणाला, "सर, चेन तो नई थी. इस बारिश में रोज़ तेल डालना पड़ता है. डाला था न?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"रोज डाला था," मी म्हणाले.

त्याने उलट मलाच सॉरी म्हटलं, बाबा. दुसरी चेन घेऊन तो माणूस पावसात स्वतः आला, बसवून दिली.

आता दादा सगळ्या रायडर ग्रुप्समध्ये टाकणार आहे, याच्याकडून कोणी बाइक घेऊ नका. सकाळपासून मेसेज येतायत, "अगं, तुटलेल्या चेनचा फोटो पाठव ना." मघाशी मी ग्रुपवर लिहिलं, "फोटो नाही पाठवत. तेल घातलंच नव्हतं, मी खोटं बोलले. चूक माझी आहे, त्या माणसाची नाही. मी त्याला फोन करते." पाठवून टाकलं. दोन निळ्या टिक्स आल्यात.

चेन सुकी ठेवायला तुम्ही शिकवलंत, हे त्यात लिहिलं नाही. कारण त्या दिवशी ऑइलवरून ओरडल्यावर तुम्ही पुढे बोलत होतात. "पन गावाक, पावसात..." एवढंच मी ऐकलं. तेवढ्यात समोर गाडी थांबली आणि माझ्या वर्गातली मुलगी तिच्या डॅडबरोबर उतरली. मी टायरच्या खोलीत पळाले. तुमचे ते काळे हात, तो मेकॅनिकचा डांगरी ड्रेस, तुम्ही माझे कोण ते तिला कळायला नको होतं. ती जाईपर्यंत बाहेर आले नाही. तुम्ही काही विचारलं नाहीत, फक्त साबण पुढे केलात. पावसात काय करायचं ते मीही परत विचारलं नाही.