तोडणीच्या यादीतली उडी

सर, दमा कसा आहे? काकू तुमच्यामागं वर्षभरात निघाल्या, त्यांच्या गुडघ्यांना ती वरची चढण झेपली का? आमची आई भेटली तर तिच्या डोळ्याचं विचारा. मी धडधाकट आहे, पण चार दिवस झाले, स्वतःची शिसारी येतेय.

कारखान्यानं पुण्याहून एक पोरगी बोलावलीय. ऊसतोडणीचा क्रम लावणारा आपला कोबॉलमधला प्रोग्राम ती पायथन नावाच्या नव्या संगणकभाषेत उतरवतेय. कोबॉल वाचणारा मीच उरलोय, म्हणून शेजारी बसतो. "काका, फारच जुनं आहे हो हे," ती म्हणाली. "जुन्याला नावं ठिवू नको बाई," मी म्हणालो. "अल्गोल ही त्याच काळातली भाषा, तीवाले 'बिगिन', 'एंड' लिहून ओळी बांधायचे. मग सी भाषेनं तिथं कंस घातले. तुझ्या पायथननं कंस सोडले आन् ओळच आत सरकवली. घराणं एकच हाय." निवृत्तीनंतर पुस्तकं मागवून शिकलोय हे सगळं. तुम्ही गालात हसला असता.

चार दिवसांमागं ती एका ओळीपाशी थांबली. "इथं 'गो टू'नं उडी मारलीय, एका खात्यासाठी सगळे नियम ओलांडून. पायथनमध्ये हे नाहीच." का नाही, ते मला माहीत होतं. वजनकाट्यावरून उचलून मला संगणकासमोर बसवलंत, त्याच आठवड्यात तुम्ही खडसावलं होतंत, "उडी मारायची न्हाई बे. 'पर्फॉर्म' लिहिलं तर प्रोग्राम तिकडचं काम करून माघारी येतो, 'गो टू'नं गेलेला येत न्हाई." असल्या उड्यांनी लोक इतके पोळले, की पुढच्या कित्येक भाषांनी ती सोयच ठेवली नाही.

दुष्काळात तुम्ही नियम लिहिला, ज्याची विहीर आधी आटली त्याचा ऊस आधी तुटेल. आणि एका संचालकाचा हिरवागार ऊस पहिला तुटला. अजून दिसतं, एक बाई वाळलेलं कांडं तुमच्या टेबलावर ठेवतेय. "साहेब, हे आता चुलीत घालू का?" आपलाच हिशेब चुकला म्हणून तुम्ही महिनाभर कागद तपासलेत, मग राजीनामा दिलात. त्याच्यासाठी ती उडी मी घातली होती, सर. "तुला कायम करून टाकू," संचालक म्हणाला होता. झालो कायम. त्या पगारावर घर बांधलं, आता त्या घराचीही किळस येते.

कोबॉलमध्ये लिहिणाऱ्याच्या नावाला वर जागा असते. तिथं तुमचं नाव आहे. पोरीनं ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे ही लबाडी या सरांची?"

मी म्हणालो, "असंल."

उद्या तिला खरं सांगावं म्हणतो, पण तुमचा एक शब्द आला तर धीर येईल. रागावून लिहा, पण लवकर लिहा. हे पत्र कुठंच जाणार नाही, हे ठाऊक असूनच उत्तराची वाट बघतोय.